टिंबाएवढे काम

टेकडीवरच्या देवीची सांज-आरती संपली की देवासमधली माझ्या वयाची माणसे दोनपैकी एक काम करतात. काही ओट्यावर बसून गप्पा मारतात, काही घरात बसून मालिका बघतात. मी संगणक उघडतो. शेजारच्या वहिनींनी एकदा न राहवून विचारले, "भाऊजी, रात्री बारापर्यंत तुमच्या खोलीत दिवा असतो. एवढे लिहिता तरी काय?"

"लिहीत नाही, वहिनी. दुसऱ्यांनी दुरुस्त केलेली स्पेलिंगे तपासतो."

"पैसे मिळतात?"

"नाही."

वहिनी क्षणभर थांबल्या. मग आमच्या सौभाग्यवतींकडे ज्या नजरेने त्यांनी पाहिले, ती नजर लोक आजाऱ्याच्या नातेवाइकांकडे टाकतात.

हे काम काय आहे ते मला वहिनींना नीट सांगता आले नाही. ते सांगायला एक टिंब, एक पत्र आणि माझ्या हातून घडलेली एक चूक एवढे सगळे सांगावे लागते. ते ओट्यावर जमत नाही. दिवाळी अंकाचा वाचक निवांत असतो, म्हणून इथे प्रयत्न करतो.

तीस-पस्तीस वर्षे मी मुलांना संगणक शिकवला. निवृत्त झाल्यावर हात रिकामे राहू नयेत म्हणून एका मुक्त प्रोग्रॅमच्या कामात अधिक लक्ष घालू लागलो. मुक्त म्हणजे ज्याची संहिता कोणालाही वाचता येते, बदलता येते, आणि केलेला बदल मूळ संहितेत घ्यावा अशी विनंती करता येते. आपल्याला परिचित असलेला लिनक्स असाच १९९१ पासून वाढत आला. माझा प्रोग्रॅम त्याच्यापुढे अगदीच किरकोळ. त्याचे नाव सांगून उपयोग नाही, ज्यांना लागतो ते वापरतात.

अशा संहितेत दोन प्रकारच्या ओळी असतात. एक यंत्रासाठी, दुसऱ्या माणसासाठी. माणसासाठीच्या ओळींना टिपा म्हणू. "इथे ही संख्या शून्य असू नये, कारण पुढे तिने भागायचे आहे" अशा थाटाच्या. यंत्र त्या ओळी वाचतच नाही, ओलांडून पुढे जाते. त्यामुळे टिपेत स्पेलिंग चुकले तर काहीही बिघडत नाही. प्रोग्रॅम चालतो, बँकेचा हिशेब जुळतो, आगगाडीचे तिकीट मिळते.

तरीही जगभरातून लोक या चुका दुरुस्त करून पाठवतात. 'रिसीव्ह'मध्ये ई आणि आय यांची अदलाबदल झालेली असते. 'सेपरेट'च्या पोटातल्या एच्या जागी ई बसलेली असते. 'ऑकर्ड'मधल्या दोन आरपैकी एक गळालेला असतो. पाठवणारा कधी ब्राझीलचा, कधी पोलंडचा, कधी आपल्या कोइमतूरचा. माझ्या पडद्यावर जुनी ओळ तांबड्या रंगात दिसते, तिच्याखाली नवी हिरव्या रंगात. मी दोन्ही वाचायच्या आणि होय किंवा नाही म्हणायचे. अशा बदलाला 'पॅच' म्हणतात. पॅच म्हणजे ठिगळ. आमच्या पिढीला ठिगळाची लाज कधी वाटली नाही, त्यामुळे शब्द आवडला.

यंत्र जे वाचत नाही ते सुधारायचे कशाला, हा प्रश्न मलाही पडला होता. त्याचे उत्तर लिनक्सच्या एका जुन्या नियमात सापडले. किरकोळ दुरुस्त्या कोणत्या मानाव्यात याची एक छोटी यादी त्यांच्या नियमावलीत अनेक वर्षे होती. तिच्यात माहितीपत्रकांतल्या स्पेलिंगच्या दुरुस्त्या होत्या, आणि शिवाय ज्या चुकीमुळे शब्द शोधताना सापडणार नाही अशा चुकांच्या दुरुस्त्या होत्या. हे मला फार पटले. लाखो ओळींच्या रानात माणूस शब्दाचे बोट धरून चालतो. शब्द चुकीचा लिहिला असेल तर तो जागेवर असूनही हाकेला ओ देत नाही. सरकारी कचेरीत नावाचे एक अक्षर बदलल्याने ज्याची फाईल सापडेनाशी झाली आहे, त्याला हे निराळे समजावून सांगायला नको. दोन भाषांच्या मुलखात राहणाऱ्या आपल्या मंडळींपैकी निम्म्यांना हा अनुभव असेल.

दुसरे कारण साधे आहे. या टिपा वाचणाऱ्यांपैकी कित्येकांची इंग्रजी ही दुसरी नव्हे, तिसरी भाषा असते. माझी आहेच. चुकीचा शब्द कोशात सापडत नाही, आणि न सापडल्यावर तिसऱ्या भाषेचा माणूस लिहिणाऱ्याला दोष देत नाही, स्वतःला देतो.

आता चुका शोधायला यंत्रेही आली आहेत. त्यांतले 'कोडस्पेल' नावाचे एक साधन मला विशेष आवडते. त्याच्याजवळ शब्दकोश नाही. त्याच्याजवळ फक्त नेहमीच्या चुकांची यादी आहे, डावीकडे चूक, उजवीकडे बरोबर. लिनक्सच्या संहितेतही अशीच एक यादी ठेवलेली आहे. यात एक शहाणपण दडलेले आहे. शब्दकोश घेऊन बसलेले यंत्र कोशात नसलेल्या प्रत्येक शब्दाखाली तांबडी रेघ ओढते. आपल्या आडनावांखाली ती नेहमीच ओढलेली असते. चुकांची यादी घेऊन बसलेले यंत्र तसे करत नाही. जे त्याला ठाऊक नाही त्याला ते चूक म्हणत नाही, गप्प राहते. एवढी समज मला अकराव्या वर्षी असती तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

पण यादीनेही सगळे भागत नाही, म्हणून माझ्यासारखा माणूस मध्ये लागतो. स्पेलिंग बरोबर आहे की नाही हे मला फारसे पाहावे लागत नाही. पाहावे लागते ते हे, की बदललेला शब्द नुसता शब्द आहे की कशाचे तरी नाव आहे. शब्द चुकला तर सुधारावा. नाव चुकले असेल तर त्याला हात लावण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा, कारण त्या नावाने त्याला हाका मारणारे आता जगभर पसरलेले असतात.

याची दोन उदाहरणे आमच्या धंद्यात पुराणकथांसारखी सांगितली जातात. युनिक्स या प्रणालीत नवी फाईल निर्माण करण्याची जी आज्ञा आहे, तिच्या नावात 'क्रिएट'ची शेवटची ई नाही. युनिक्सचे एक जनक केन थॉम्सन यांना विचारले गेले, की पुन्हा सगळे करायचे झाले तर काय बदलाल? त्यावर ते म्हणाले होते, की त्या शब्दात ई घालीन. दुसरे उदाहरण रोजच्या वापरातले. एका वेबपानावरून आपण दुसऱ्यावर गेलो की कुठून आलो याची चिठ्ठी ब्राउझर पुढच्या संगणकाला देतो. त्या चिठ्ठीच्या मथळ्याला 'रेफरर' म्हणतात. १९९० नंतरच्या दशकात त्याचा प्रस्ताव लिहिताना शब्दातला एक आर राहून गेला. १९९६ सालच्या प्रमाणपत्रात तो तसाच छापला गेला आणि आजतागायत तसाच आहे. पुढे त्याच विषयावर दुसरा मथळा आला त्यात मात्र दोन्ही आर आहेत. चूक आणि दुरुस्ती एकाच घरात शेजारी शेजारी नांदत आहेत. छापखान्याच्या काळात अशा चुकीला आपण मुद्राराक्षसाचा प्रताप म्हणत असू. हा राक्षस आता इतका मोठा झाला आहे, की त्याच्याशिवाय घर चालत नाही.

आणखी एक गोष्ट पाहावी लागते, आणि ती माझ्या दृष्टीने सर्वांत अवघड. चूक आणि वेगळे यांत फरक करायचा. 'कलर' हा शब्द विलायती पद्धतीने यू घालून लिहितात, अमेरिकन पद्धतीने यू वगळून. एखादा उत्साही अमेरिकन मुलगा सगळे यू काढून पाठवतो, महिन्याभराने एखादा भारतीय मुलगा ते परत घालून पाठवतो. दोघांनाही मी नम्रपणे नाही म्हणतो. हे वेगळे आहे, चूक नाही.

खरे तर हा धडा देवासच्या माणसाला शिकवायची गरज पडू नये. आमचे गावच एकेकाळी दोन राज्यांचे होते. तुकोजी आणि जिवाजी या पवार बंधूंपासून थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन संस्थाने झाली, दोघांची राजधानी एकच गाव. रस्त्याच्या एका अंगाला एक अंमल, दुसऱ्या अंगाला दुसरा. १९२१ साली इंग्रजी कादंबरीकार फॉर्स्टर थोरल्या पातीच्या महाराजांचे चिटणीस म्हणून इथे राहिले आणि या प्रकाराने चक्रावून गेले. १९४८ मध्ये दोन्ही पात्या मध्य भारतात विलीन झाल्या. पण एकाच गावात दोन गोष्टी बरोबर असू शकतात, ही सवय मातीतच होती म्हणायला हरकत नाही.

घरात मात्र ती नव्हती. शाळा हिंदी, घर मराठी. शाळेत हिंदीच्या वहीत मी 'कवी' लिहिले की गुरुजी वी ऱ्हस्व करून एक गुण कापत. घरी मराठीच्या वहीत 'कवि' लिहिले की अण्णा, म्हणजे माझे वडील, वि दीर्घ करून कान धरत. शांति-शांती, शत्रु-शत्रू, साधु-साधू, सगळ्यांची हीच गत. बेळगाव-बिदरकडच्या मुलांना निदान लिपी बदलल्यावर भाषा बदलली हे कळते. आमची लिपी एकच, त्यामुळे एकच शब्द सकाळी अकराला चूक आणि संध्याकाळी सहाला बरोबर. त्यात 'आणि' हा शब्द मराठीत ऱ्हस्वच राहतो असे अण्णा सांगत, तेव्हा नियमाचा भंग करण्याचा हक्क एका शब्दाला असून मला का नसावा असे वाटे.

अण्णांना शुद्धलेखनाचे वेड होते. आमच्या इथल्या मराठी मंडळींचे एक हस्तलिखित निघे, त्याची मुद्रिते नसतच, पण अण्णा 'मुद्रिते तपासतो' असेच म्हणत. मराठी साहित्य महामंडळाने केलेल्या चौदा नियमांना महाराष्ट्र शासनाने १९६२ मध्ये मान्यता दिली होती, १९७२ मध्ये त्यांत आणखी चारांची भर पडून अठरा झाले. ती छोटी पुस्तिका अण्णांनी पुण्याहून मागवली होती. महाराष्ट्राबाहेर राहून मराठी शुद्ध ठेवायची तर नियम तिकडच्यांपेक्षा कडक पाळले पाहिजेत, असे त्यांचे म्हणणे. सीमेवरच्या घरांत हे म्हणणे अनेकांनी ऐकले असेल. त्यात अभिमान होता आणि भीतीही होती. आपली मराठी हळूहळू हिंदी होत चालली आहे ही भीती.

माझे आजोळ धारचे, इथून इंदूरमार्गे साधारण शंभर किलोमीटर. आजी तिथेच जन्मली, तिथेच मराठी चौथीपर्यंत शिकली, तिथेच सासरी गेली. महिन्यातून एकदा तिचे निळे अंतर्देशीय पत्र येई, आणि ते आईला नव्हे, मला लिहिलेले असे. "चिरंजीवास अनेक आशीर्वाद" अशी सुरुवात, मग आंब्याला मोहोर आला की नाही, गाईला कालवड झाली, मामांची खोकल्याची तक्रार. पत्र टिंबांनी भरलेले असे. घरीं, नाहीं, कां, पांच, कांहीं. माझे 'नाव' ती 'नांव' असे लिही. आणि बुद्धि, मति, कवि ही सगळी ऱ्हस्व, थेट हिंदीसारखी.

१९७५ सालची गोष्ट. मी अकरा वर्षांचा होतो आणि अण्णांच्या पुस्तिकेतले अठरा नियम मला पाठ झाले होते. आजीचे पत्र आले. मी अण्णांचा तांबडा पेन घेतला आणि एकेक चूक गोल करत गेलो. एकवीस निघाल्या. पत्राच्या तळाशी "२१ चुका" असे लिहिले, खाली वळणदार रेघ ओढली, पत्र पाकिटात घातले आणि धारला परत पाठवले. त्यामागे दुष्टपणा नव्हता. आजीची मराठी हिंदी होत चालली आहे आणि आपण ती वाचवतो आहोत, असे मला मनापासून वाटत होते. अण्णांना सांगितले तेव्हा ते हसले आणि पाठीवर थाप मारली. आई त्या रात्री पोळ्या वाढत होती. ती काहीच बोलली नाही.

पुढच्या महिन्यात पत्र आले ते मामांच्या अक्षरात. आजी खुशाल आहे, तिने आशीर्वाद सांगितले आहेत. त्यानंतर आजीने मला एकही पत्र स्वतःच्या हाताने लिहिले नाही. सुट्टीत गेलो की ती पूर्वीसारखीच लाड करी, पुरणपोळी करी, गोष्टी सांगी. विषय तिनेही काढला नाही, मीही नाही. १९८३ मध्ये ती गेली.

कॉलेजात असताना एकदा जुनी मराठी पुस्तके हाती आली. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी छापलेली, नामवंत लेखकांची. पहिल्याच पानावर 'घरीं', 'नाहीं', 'कांहीं'. पुढच्या पानावर 'बुद्धि' आणि 'कवि'. मी बराच वेळ ते पान बघत बसलो. १९६२ पूर्वी मराठी असेच लिहीत, असेच छापत. न उच्चारल्या जाणाऱ्या त्या टिंबांना व्युत्पत्तीचा आधार होता. कित्येक ठिकाणी ती टिंबे विभक्ती किंवा वचन दाखवत. पाण्यावरची ती 'नाव' आणि माणसाचे ते 'नांव', हा भेद त्या एका टिंबावर उभा होता. तत्सम शब्द संस्कृताप्रमाणे ऱ्हस्व ठेवण्याचीच तेव्हा रीत होती. आजीची मराठी हिंदी होत चालली नव्हती. ती तिच्या शाळेत शिकवलेले शुद्ध मराठी लिहीत होती. नियम तिच्या पाठीमागे बदलले होते आणि ते तिला कोणी कळवले नव्हते. मी कळवले, ते असे.

एकवीसपैकी किती खऱ्या चुका होत्या ते मी नंतर मोजले. दोन. उरलेल्या एकोणीस वेगळ्या होत्या.

एवढे शिकूनही माणूस शहाणा होतोच असे नाही. ऑक्टोबर २०२० मधली गोष्ट सांगतो. दर ऑक्टोबरात एक कंपनी मुक्त प्रोग्रॅमना हातभार लावणाऱ्यांना सदरा बक्षीस देई. महिन्यात चार बदल पाठवायचे, सदरा मिळवायचा. हेतू चांगला होता. पण त्या वर्षी एका भारतीय चित्रफितीत माहितीपत्रकातला एखादा शब्द बदलून बदल कसा पाठवायचा ते दाखवले गेले आणि पूर आला. 'छान', 'उत्तम' असले शब्द मध्येच कोंबलेली हजारो ठिगळे जगभरच्या लोकांवर कोसळली. लोक संतापले. आयोजकांना काही दिवसांतच नियम बदलून, ज्या प्रकल्पांची इच्छा असेल त्यांनाच यात धरावे लागले. पाठवणाऱ्यांत आपली मुले फार होती, त्यामुळे सगळ्या देशाच्या नावाने बोटे मोडली जात होती. मला त्याची लाज वाटत होती आणि लाजेचा राग येत होता.

त्या रागात मी एका रात्री आलेली चाळीसेक ठिगळे न वाचता नाकारली. प्रत्येकाखाली एकच वाक्य चिकटवले, "कृपया आमचा वेळ घालवू नका." दुसऱ्या दिवशी त्यांतल्या एका मुलीचे उत्तर आले. इंग्रजी मोडके होते, पण अर्थ स्पष्ट होता. सर, मी कोशात पाहूनच बदल केला आहे. माझे हे पहिलेच काम आहे. चूक कुठे झाली ते सांगितलेत तर सुधारीन.

मी तिचे ठिगळ उघडून वाचले. 'बफर' या शब्दात चार ठिकाणी एक एफ कमी होता, तो तिने घातला होता. बाकी कशालाही हात लावला नव्हता. आणि ती चारही ठिकाणे अशी होती, की तो शब्द शोधणाऱ्याला ती कधीच सापडली नसती. मागच्याच वर्षी मी स्वतः एक बिघाड शोधताना दोन रात्री घालवल्या होत्या, त्या याच टिपा न सापडल्यामुळे. टिपा कोणी लिहिल्या होत्या ते पाहिले. संहितेत प्रत्येक ओळीपुढे लिहिणाऱ्याचा शिक्का राहतो. शिक्का माझा होता.

खुर्चीत बसल्याजागी मला देवासचे जुने घर आणि तांबडा पेन आठवला. त्या मुलीला मी माफीचे चार शब्द लिहिले, बदल स्वीकारला आणि चूक माझीच होती हे तिथेच, सगळ्यांना दिसेल असे नोंदवले. ती पुढे आणखी काम पाठवत राहिली. आता तिची ठिगळे माझ्या बुद्धीबाहेरची असतात, ती दुसरे लोक तपासतात.

मग कोणी म्हणेल, की छोटे काम आले की डोळे मिटून होय म्हणावे. तसेही नाही. मार्च २०२४ मध्ये 'एक्सझेड' नावाच्या एका लहानशा मुक्त प्रोग्रॅममध्ये कोणीतरी चोरदरवाजा बसवल्याचे उघडकीस आले. फाईली आवळून लहान करणारा हा प्रोग्रॅम जगातल्या असंख्य संगणकांत असतो. बदल करणारा कोणी परका नव्हता. दोन वर्षांहून अधिक काळ लहान-मोठी उपयुक्त कामे करत त्याने विश्वास मिळवला होता. लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त का लागतो, एवढ्या क्षुल्लक शंकेचा पाठपुरावा आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने केला म्हणून अनर्थ टळला. नंतर लोकांनी त्या माणसाचे सगळे जुने बदल भिंगातून पाहिले. एका बदलात, संरक्षणाची एक सोय या संगणकावर आहे का हे तपासणाऱ्या ओळींमध्ये, एक टिंब सापडले. एक पूर्णविराम, ओळीच्या सुरुवातीला एकटाच. कागदावर माशी बसून गेल्यासारखा. त्या टिंबामुळे ती तपासणी दर वेळी फसायची आणि संरक्षण मुकाट्याने बंद राहायचे.

ती बातमी वाचली त्या रात्री मला झोप आली नाही. एक टिंब मी आयुष्यात निष्काळजीपणे काढले होते. एक टिंब कोणीतरी मुद्दाम घातले होते. दोन्हींचे वजन पाहणाऱ्याला सारखेच, म्हणजे काहीच नाही, असे वाटले असते. तेव्हापासून माझी तपासण्याची रीत ठरली आहे. छोट्या कामाला तुच्छ मानायचे नाही आणि छोटे आहे म्हणून न वाचता सोडायचेही नाही. आणि जे आपल्याला ठाऊक नाही त्याला चूक म्हणण्यापूर्वी विचारायचे, "हे असे का लिहिले आहे?" या एका प्रश्नाने अर्ध्या वेळा मलाच काहीतरी शिकायला मिळते.

लहानपणी आजी मला एकदा धारच्या भोजशाळेत घेऊन गेली होती. त्या वास्तूवरून जे वाद आहेत त्यांत मी शिरत नाही. तिथे दगडावर सापाच्या वेटोळ्यात कोरलेली वर्णमाला आहे, नामांचे आणि क्रियापदांचे प्रत्ययही कोरलेले आहेत. परमारांच्या काळातला व्याकरणाचा तक्ताच तो. मी विचारले, अक्षरे सापावर कशाला? आजी म्हणाली, "सापाला कुठून धरायचे ते ठाऊक असावे लागते, बाळा." याच ठिकाणी १९०३ मध्ये धार संस्थानच्या शिक्षणखात्यातले काशिनाथ कृष्ण लेले यांना 'पारिजातमंजरी' या संस्कृत नाटिकेचा शिलालेख मिळाला. असे लेख प्रसिद्ध करणाऱ्या पंडितांची एक रीत आहे. कोरणाऱ्याच्या हातून अक्षर चुकलेले असले तरी ते मूळ पाठात फिरवत नाहीत. जसे आहे तसे छापतात आणि खाली टीप देतात, की इथे अमुक वाचावे. आमच्या संहितेतही जुनी ओळ पुसली जात नाही. हिरव्या ओळीच्या वर ती तांबड्या रंगात कायम राहते, कोणी आणि कधी बदलली या नोंदीसह. दुरुस्ती करावी ती अशी, मूळ लिहिणाऱ्याचा हात दिसत राहील अशी.

माझ्या तांबड्या वर्तुळांखालीही आजीचा हात दिसतो आहे, हे मला फार उशिरा कळले. काही वर्षांपूर्वी धारचे जुने घर रिकामे करताना मामींनी आजीच्या पेटीतला एक कागद माझ्या हाती ठेवला. तेच निळे पत्र. घडीवर विरलेले, माझी एकवीस वर्तुळे अजून तांबडी. मी ते उलटून पाहिले. पाठीमागच्या कोऱ्या जागेत पेन्सिलीने, शाळेतल्या मुलीने पाटीवर घोटावे तसे, आजीने लिहिले होते. घरी, घरी, घरी. नाही, नाही, नाही. काही, काही. टिंबाशिवाय. काही ठिकाणी सवयीने टिंब पडले होते आणि मग ते बोटाने पुसले होते, त्याचा राखी डाग उरला होता. साठी ओलांडलेल्या बाईने नातवाचे नियम शिकायचा प्रयत्न केला होता. जमेना तेव्हा लिहिणेच बंद केले होते.

वहिनींना मला हे सांगायचे होते. पैसे मिळत नाहीत, पण देणे मोठे आहे.

आता एखादे ठिगळ स्वीकारताना मी होय म्हणून थांबत नाही, खाली आभाराची एक ओळ लिहितो. नाकारताना कारण लिहितो. नव्या माणसाचे असेल तर पहिल्या वाक्यात त्याने काय बरोबर केले ते लिहितो. त्याने रात्रीची पंधरा मिनिटे जास्त जातात. पंधरा मिनिटे काही फार नाहीत.

ते निळे पत्र मी टेबलाच्या काचेखाली ठेवले आहे, पत्त्याची बाजू वर करून. शाई फिकट झाली आहे, पण वाचता येते. संपादकांना एकच विनंती आहे. या लेखातली माझी स्पेलिंगे त्यांनी खुशाल सुधारावीत, ऱ्हस्व-दीर्घाचा त्यांना अधिकारच आहे. शेवटच्या वाक्यातले टिंब तेवढे राहू द्यावे, ती चूक नाही. त्या पत्त्यावर, आजीच्या हाताने लिहिलेले, माझे नांव आहे.